फाईलमध्ये नसलेला कागद

स. न. वि. वि.

विमा कंपनीच्या दावा विभागात बदली झाल्याचे कळवताना तुम्ही विचारले होते की, नियमावली आणि परिपत्रके यांच्याखेरीज या कामासाठी आणखी काय वाचावे. वाचण्याजोगे पुष्कळ आहे, त्याची यादी पुढे कधीतरी पाठवीन. पण त्याआधी एक चित्रपट पाहा, असे मी सुचवतो. बिली वाइल्डर यांनी दिग्दर्शित केलेला, १९४४ साली प्रदर्शित झालेला ‘डबल इन्डेम्निटी’ (म्हणजे दुप्पट भरपाई). नोकरीतली बहुतेक वर्षे मी दाव्यांच्या फायली तपासण्यात घालवली, आणि आपल्या कामाचे मर्म इतके नेमके पकडणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात आलेला नाही.

जाणकार या चित्रपटाविषयी बोलतात तेव्हा बहुधा छायाप्रकाशाविषयी बोलतात. छायालेखक जॉन साइट्झ यांनी खिडकीच्या पट्ट्यांमधून माणसांच्या अंगावर पाडलेल्या गजांसारख्या सावल्या, नायिका बार्बरा स्टॅनविकच्या पायातली ती साखळी, आणि अशा अमेरिकी चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये दिलेले ‘फिल्म नुआर’ (काळा चित्रपट) हे नाव, या सगळ्यावर भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. तुम्ही मात्र तो दावा तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा.

सुरुवातच पाहा. लॉस एंजेलिसमध्ये रात्रीच्या वेळी जखमी अवस्थेतला विमा विक्रेता वॉल्टर नेफ आपल्या कंपनीच्या कार्यालयात येतो, डिक्टाफोन (बोललेले टिपून घेणारे यंत्र) सुरू करतो आणि ‘कार्यालयीन टिपण’ असे म्हणून, १६ जुलै १९३८ ही तारीख घालून, दावा व्यवस्थापक बार्टन कीज यांच्या नावाने बोलू लागतो. खुनाची कबुली तो पोलिसांना देत नाही, धर्मगुरूलाही देत नाही. आपल्या विभागप्रमुखाला देतो, आणि तीही फाईलला जोडायच्या टिपणाच्या स्वरूपात. पुढचा जवळजवळ सारा चित्रपट म्हणजे हे टिपणच आहे.

गुन्ह्याचा आराखडा थोडक्यात सांगतो. मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणासाठी नेफ डिट्रिक्सन यांच्या घरी जातो, तिथे त्याची गाठ त्यांच्या पत्नीशी, फिलिसशी पडते, आणि दोघे मिळून नवऱ्याला संपवण्याचे ठरवतात. मोटारीच्या विम्याचे कागद म्हणून पुढे केलेल्या कागदांत नेफ ५०,००० डॉलरच्या अपघात विम्याच्या अर्जावरही त्याची सही घेतो. त्या पॉलिसीत असे कलम आहे की, काही विशिष्ट प्रकारच्या, क्वचितच घडणाऱ्या अपघातांत, उदाहरणार्थ आगगाडीत, मृत्यू आल्यास रक्कम दुप्पट मिळावी. आपल्याकडच्या जुन्या एजंटांच्या बोलण्यात ‘डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट’ तुम्ही ऐकले असेल. हे त्याचेच भावंड, फक्त त्याच्या अटी अधिक चमत्कारिक. ग्राहकाला आकर्षक वाटावे आणि कंपनीला सहसा द्यावे लागू नये, असे हे कलम. नेफला हे ठाऊक आहे, कारण तो ते रोज विकतो. आतल्या माणसाने केलेली लबाडी बाहेरून का दिसत नाही, याचे उत्तर याहून वेगळे नाही.

कथेचे मूळ जेम्स एम. केन यांच्या १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकात क्रमशः आलेल्या कादंबरिकेत आहे, आणि तिच्यामागे न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली घडलेला एक खरा खून आहे. रूथ स्नायडर हिने प्रियकराच्या साहाय्याने नवऱ्याचा खून केला होता, आणि नवऱ्याच्या नकळत दुप्पट भरपाईच्या कलमासह त्याचा विमा आधीच उतरवलेला होता. जानेवारी १९२८ मध्ये दोघांनाही देहदंड झाला. अशा कथेवर चित्रपट काढण्यास, पडद्यावर काय दाखवावे यावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या निर्मिती-संहितेच्या कार्यालयाने, कादंबरिका छापून येण्याआधीच, १९३५ साली, हरकत घेतली होती. म्हणून तो यायला इतकी वर्षे लागली.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. पाय मोडल्याने कुबड्या घेतलेल्या नवऱ्याचे सोंग घेऊन नेफ गाडीत चढतो, मागच्या डब्याच्या सज्जातून उतरून जातो, आणि आधीच मारलेल्या माणसाचे प्रेत रुळांवर ठेवले जाते. दावा येतो. कंपनीचे प्रमुख नॉर्टन विधवेला समोर बसवून सांगतात की, ही आत्महत्या आहे, सबब पैसे मिळणार नाहीत. इथे कीज, ज्याची नेमणूकच कंपनीचा पैसा वाचवण्यासाठी आहे, तो आपल्याच प्रमुखाविरुद्ध उभा राहतो. आत्महत्यांचे तक्ते तो तोंडपाठ म्हणतो: वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, दिवसाच्या वेळेनुसार, विषाने, बंदुकीने, बुडून, उडी मारून, आणि उड्यांचेही पुन्हा पोटप्रकार. या सगळ्यांत धावत्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून केलेल्या आत्महत्येची एकही नोंद नाही, आणि गाडीचा वेग तर ताशी अवघा पंधरा मैल होता. एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी हे लांबलचक भाषण ज्या वेगाने आणि ज्या आनंदाने म्हटले आहे, ते ऐकताना मला दरवेळी आमचे एक जुने वरिष्ठ आठवतात. तेही परिपत्रकांचे क्रमांक असेच म्हणत असत.

या भाषणातला विनोद सर्वांना कळतो. मी सांगतो ते त्यापुढचे आहे. कीजला या दाव्याबद्दल लवकरच संशय येणार असतो, आणि दावा फेटाळला जावा असे त्यालाही मनातून वाटणार असते. तरीही सोयीचे पण खोटे कारण तो स्वीकारत नाही. ही गोष्ट शिकायला मला फार उशीर लागला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात विहिरीत बुडून मृत्यू पावलेल्या एका शेतकऱ्याची फाईल माझ्याकडे आली. डोक्यावर कर्ज होते, घरात भांडणही झाले होते. ‘आत्महत्येची शक्यता’ असे लिहून मी अपघात लाभ नाकारण्याची शिफारस केली आणि ती मान्य झाली. दोन वर्षांनी त्याच्या पत्नीच्या अपिलावर फाईल पुन्हा उघडली, तेव्हा पंचनाम्याच्या तिसऱ्या पानावर, कमरेचा करगोटा आणि बिड्यांचे बंडल यांच्या नोंदींखाली, ‘लोखंडी पाना, नग एक’ अशी नोंद निघाली. पाण्याच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) सोडवायला माणूस विहिरीत उतरला होता. जीव द्यायला जाणारा पाना घेऊन जात नाही. तिसरे पान माझ्यासमोर पहिल्या दिवसापासून होते.

कीजच्या फाईलमध्ये तर याच्या उलट घडते. तिथे कागद वाचायचा राहिलेला नाही, तो मुळात आलेलाच नाही. एका रात्री तो अस्वस्थ होऊन नेफच्या घरी येतो. त्याच्या पोटात एक ‘छोटा माणूस’ आहे, खोटा दावा आला की तो त्याला जेवू देत नाही. डिट्रिक्सनने अपघात विमा घेतला, त्यानंतर त्याचा पाय मोडला, आणि तरीही त्याने पाय मोडल्याचा दावा केला नाही. का केला नाही? आपला विमा उतरवलेला आहे हे त्याला ठाऊकच नव्हते म्हणून. एवढ्या एका प्रश्नाने सगळा बेत उसवू लागतो. टेलिफोनच्या आणि दाराच्या घंटेत कार्ड अडकवून, आपण घरी नसताना ती वाजली का हे तपासणाऱ्या नेफने सगळ्या कागदांचा विचार केला होता. न केलेल्या दाव्याचा विचार त्याने केला नाही. फाईलमध्ये काय आहे हे कोणीही पाहते. या माणसाने आणखी काय मागायला हवे होते आणि ते त्याने का मागितले नाही, हे तुम्ही प्रत्येक फाईलला विचारीत जा. सुरुवातीला तुमचा वेग कमी होईल आणि वरिष्ठ कुरकुरतील, कुरकुरू द्या.

(याच प्रसंगात नेफच्या घराचे दार बाहेरच्या बाजूला उघडते, म्हणून फिलिसला त्यामागे लपता येते, घरांची दारे सहसा आत उघडतात. अविवाहित नेफच्या बोटात लग्नाची अंगठीही दिसते. तपासणीची सवय लागली की अशी व्याधी जडते, तयारी ठेवा.)

एवढे सगळे ओळखणारा कीज शेवटी कुठे चुकतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाडीत नेफशी बोललेला साक्षीदार जॅक्सन कार्यालयात येतो, मृताचा फोटो पाहून हा तो माणूस नव्हे असे सांगतो, आणि समोर बसलेल्या नेफला ‘तुम्हाला कुठेतरी पाहिले आहे’ असे म्हणतो. कीजच्या कानांवर हे पडते, पण आत जात नाही. नंतर नॉर्टन नेफवर पाळत ठेवण्याची सूचना करतात. तेव्हा कीज टिपणात लिहवतो की, नेफला मी अकरा वर्षे जवळून ओळखतो आणि त्याची हमी मी स्वतः देतो. लक्षात घ्या, हा तोच माणूस आहे ज्याने लग्न ठरल्यावर आपल्या वाग्दत्त वधूचीसुद्धा चौकशी करवली होती आणि लग्न मोडले होते. तिच्यासाठी पुरावा, मित्रासाठी हमी. नेफ ते टिपण कीजच्या डिक्टाफोनवर चोरून ऐकतो, आणि त्या क्षणी फ्रेड मॅकमरी यांच्या चेहऱ्यावर सुटका आणि शरम एकाच वेळी उमटतात.

म्हणून कीज वाईट अधिकारी ठरतो, असे मी म्हणणार नाही. चित्रपटभर खिशात काडी न सापडणाऱ्या कीजची सिगार नेफ पेटवून देतो, आणि शेवटी दारात कोसळलेल्या नेफची सिगारेट कीज पेटवतो. नेफला विषारी वायूच्या कोठडीत देहदंड दिला जातो, असे दृश्यही वाइल्डर यांनी चित्रित केले होते, पण ते काढून टाकून चित्रपट या दोघांवरच थांबवला. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण दाव्याचा निकाल तोपर्यंत लागलेला असतो आणि उरलेली बाब या दोघांमधली असते. तुमच्या शेजारच्या टेबलावरही कोणी अकरा वर्षांचा मित्र असेल. त्याच्या हातून आलेल्या प्रपोजलवर (विम्याच्या अर्जावर) शेरा मारताना तुमचा हात हलका होईल. तो हलका झाला हे तुमच्या तुम्हाला कळले, तरी पुरे आहे.

चित्रपट दोनदा पाहा. पहिल्यांदा नेफच्या बाजूने पाहिला जातो, त्याला इलाज नाही. दुसऱ्यांदा पाहताना कीज ते हमीचे टिपण लिहवतो त्या जागी थांबा, आणि त्याचा आवाज तक्ते म्हणतानाच्या आवाजापेक्षा वेगळा लागतो की मलाच तसा भास होतो, हे मला कळवा.

आपला स्नेहाकांक्षी.