चोराच्या हाती चालू होऊ नये, आपल्या हाती बंद पडू नये

वाचकांचे प्रश्न : गाडीची वायरिंग

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची २००४ सालची टाटा ४०७ आहे. बाजार समितीत कांदा नेतो, हंगामात द्राक्षाचे क्रेट. रात्री गाडी घरापासून लांब, रस्त्याकडेच्या उतारावर उभी असते. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची गाडी मध्यरात्री चोरीला गेली. आमच्या गाडीचं कुलूप इतकं झिजलंय की कपाटाच्या किल्लीनेही फिरतं. इंजिन बंद करायला अजून दांडी ओढावी लागते, चावी फिरवून बंद होत नाही. एक मिस्त्री म्हणतात, इग्निशनची वायर कापून सीटखाली चोरबटण (चोराला गाडी सुरू करता येऊ नये म्हणून लपवलेलं बटण) बसवून देतो, तासाभराचं काम आहे. वडील ६१ वर्षांचे, उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. बसवून घेऊ का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : चोरबटण बसवा. मात्र मिस्त्री म्हणतात त्या ठिकाणी आणि त्या पद्धतीने बसवू नका.

चावीने इंजिन बंद होत नाही, दांडी ओढावी लागते, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे. पेट्रोल गाडीत ठिणगी लागते, म्हणून वायर तोडली की इंजिन मरतं. तुमच्या डिझेल इंजिनात ठिणगीचा संबंधच नाही. हवा दाबून तापते, त्यात नोझल डिझेल उडवतं आणि ते पेटतं. पंप साधा, यांत्रिक. एकदा चालू झालेल्या या इंजिनाला बॅटरीही लागत नाही. दांडी ओढली की पंपावरची छोटी लिव्हर फिरते, डिझेल थांबतं आणि इंजिन बंद होतं. आता गाडी उतारावर आहे, हौदा रिकामा आहे आणि तुम्ही फक्त इग्निशनची वायर तोडली आहे, असं समजा. चोराने हँडब्रेक सोडला, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, की गाडी सुरू. इतका खर्च करून तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

कामाकडे वळण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती मी प्रत्येक शिकाऊ पोराला सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या ट्रकला चोरबटण बसवलं. त्या गाडीच्या पंपावर सोलेनॉइड (करंट मिळाला की खेचणारं चुंबक) होता, म्हणजे त्याला सतत करंट मिळाला तरच डिझेल पुढे जाणार. मला ते सोपं वाटलं. सोलेनॉइडची वायर तोडून मध्ये बटण टाकलं, सांधे मुरडून टेप गुंडाळला आणि गाडी दिली. दोन महिन्यांनी सिमेंटची पोती भरून ती पुण्याहून साताऱ्याकडे निघाली. खंबाटकीच्या चढावर हादऱ्याने सांधा सुटला आणि इंजिन मेलं. पाठीमागे गाड्यांची रांग, गाडी चढावर भरलेली. ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब होता म्हणून ब्रेक धरले. क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. कोणाला खरचटलंही नाही, पण ड्रायव्हरने फोनवर मला जे विचारलं ते अजून कानात आहे : "मिस्त्री, बटण चोरासाठी लावलंत की माझ्यासाठी?"

त्या दिवसापासून माझ्या हाताखाली एकच नियम आहे. चोरबटणाने गाडी सुरू होऊ देऊ नये, पण चालती गाडी बंद करायची ताकद त्याच्यात कधीच नसावी. बटण खराब झालं, वायर उंदराने कुरतडली, सांधा सुटला, तर जास्तीत जास्त काय व्हावं? सकाळी अंगणात गाडी सुरू होऊ नये, बस. तुमच्या ४०७ च्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते आणि ते व्हॅक्यूम इंजिन फिरतं तोवरच तयार होतं. उतारावर इंजिन बंद पडलं तर एक-दोन दाबांनंतर पेडल दगडासारखं कडक होतं. ६१ वर्षांच्या माणसाच्या पायाखाली ही वेळ येता कामा नये.

म्हणून पहिलं काम सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरच्या, बाजूला करा. चावी शेवटपर्यंत फिरवली की सेल्फच्या पाठीवरच्या सोलेनॉइडला, ५० लिहिलेल्या टोकाला, करंट जातो. ती वायर मध्ये तोडायची. पण बटण थेट त्या वायरीत घालायचं नाही. क्षणभर का होईना, तिथे तीस-चाळीस अँपिअर खेचला जातो आणि छोट्या बटणाच्या आतली पितळी पट्टी महिन्याभरात जळते. मध्ये चार पायांचा ४० अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या करंटने जास्त करंट जोडणारा स्विच, घाला. ३० आणि ८७ हे जाड पाय तोडलेल्या वायरीच्या दोन टोकांना. चावीकडून आलेल्या टोकातूनच एक बारीक वायर ८६ ला. ८५ चा पाय बटणातून अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. झालं. रिलेची कॉइल फार तर पाव अँपिअर घेते, म्हणून बटण कितीही लहान चालतं आणि वायर एक चौरस मिलीमीटरची पुरते. चावी सेल्फवर असते तेवढाच वेळ रिले जागा असतो, त्यामुळे उभ्या गाडीत बॅटरी उतरत नाही. गाडी सुरू झाली की रिले झोपतो. मग बटणाचं काहीही होवो, इंजिनाला कळतसुद्धा नाही.

बटण चालू-बंद असं दोन बाजूंचं घेऊ नका. रात्री बंद करायला माणूस विसरतो, आणि नेमका दमून आलेल्या रात्रीच विसरतो. दारावरच्या बेलचं असतं तसं घ्या, दाबून धरलं तरच जोडणारं. दाबून धरून चावी फिरवली की सेल्फ लागतो, सोडलं की कुलूप आपोआप बसलं. वडिलांना लक्षात ठेवण्यासारखं काही उरत नाही. त्यांच्या बोटांचं लिहिलंत म्हणून सांगतो, बोटाने दाबायचं बारीक बटण नकोच. रुपयाच्या नाण्याएवढ्या डोक्याचं घ्या आणि डाव्या गुडघ्याने, कोपराने किंवा तळहाताच्या टाचेने दाबता येईल असं बसवा. काही जण पायाखाली, मॅटच्या आत बसवतात. तुमच्याकडे वाफ्यातला चिखल बुटांना लागून केबिनमध्ये येणार, तिथे बटण एक पावसाळा टिकणार नाही.

जागा कोणती, ते इथे छापणार नाही. हा अंक कोण वाचेल ते सांगता येत नाही. कुठे बसवू नये ते मात्र सांगतो : सीटखाली, स्टिअरिंगच्या दांड्याखाली, ॲशट्रेमागे, समोरच्या कप्प्यात. चोराचा हात पहिल्या मिनिटात तिथेच जातो, आणि तुमच्या मिस्त्रींनी सीटखालचीच जागा सांगितली! एक करा. रात्री दिवा न लावता वडिलांना सीटवर बसवा. डोळे मिटून, चावी लावलेल्या स्थितीत, मोकळा हात आणि गुडघा सहज कुठे कुठे टेकतो ते त्यांनाच सांगू द्या. त्यातली बाहेरून न दिसणारी जागा निवडा. वीस वर्षांच्या गाडीत डॅशबोर्डवर एखादं मेलेलं बटणही असतंच, धुक्याच्या दिव्याचं नाहीतर पंख्याचं. ते दाबून धरायच्या जातीचं असेल तर त्याचाच उपयोग करा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या बटणावर कोणी संशय घेत नाही.

काम कसं होतंय ते शेजारी उभं राहून बघा. जुन्या गाडीच्या वायरींचं प्लास्टिक वाळून कडक झालेलं असतं, वाकवलं की तडकतं. म्हणून जुन्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) ओढाताण नको. सांधा मुरडून टेप लावलेला चालणार नाही. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून बसवायचे आणि वर गरम केली की आकसणारी स्लीव्ह. नवीन वायर लाल, चकचकीत नको. आजूबाजूच्या वायरींच्याच रंगाची घ्या, वर जुना काळा टेप गुंडाळा आणि थोडी धूळ चोळा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच. अर्थसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून लोखंड उघडं करा, दात्यांचा वॉशर घाला, वर ग्रीस लावा. मी गेल्या आठवड्यात एक गाडी पाहिली. मालक म्हणाले, चोरबटण बिघडलंय. बटण ठणठणीत होतं. अर्थचा स्क्रू रंगावरच पिळला होता आणि त्याच्याभोवती तांबूस गंजाची चकती तयार झाली होती, नखाने उचलली तर पापुद्र्यासारखी निघाली. शेवटी मीटर लावा. सेल्फ मारताना ३० आणि ८७ यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी थिंबल सैल आहे. तसं सोडलं तर थंडीत सेल्फ रडायला लागेल.

आता उताराचं. सेल्फ अडवला तरी धक्का आहेच, आणि जाणकार चोर खाली वाकून सेल्फच्या टोकांवर पाना टेकवतो, तेही आहे. म्हणून तुमच्या गाडीला दुसरं कुलूप डिझेलचं हवं. पुष्कळ जण टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये पितळी कॉक बसवतात. मला तो पसंत नाही. त्या बाजूने फीड पंप टाकीतलं डिझेल ओढून घेतो. कॉकच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) केसाएवढी फट राहिली तरी डिझेल गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते, आणि मग रोज सकाळी हातपंप मारत बसा. शिवाय कॉक बंद असला तरी फिल्टरमधल्या डिझेलवर गाडी थोडं अंतर जाते आणि मग भर रस्त्यात मरते. विसरलात तर तीच पाळी तुमच्यावर.

तुमच्याकडे यापेक्षा चांगली सोय आधीच आहे, ती दांडी. पंपावरची लिव्हर बंदच्या बाजूला ओढलेली राहिली तर सेल्फ मारा, धक्का द्या, उतारावरून सोडा, इंजिन पेट घेत नाही. त्याच लिव्हरला दुसरी एक केबल जोडा, ओढून अर्धा फेरा फिरवली की अडकून राहणारी, आणि तिची मूठ अडचणीच्या जागी न्या. रात्री ओढून फिरवायची, सकाळी सोडायची. केबल तुटली तर लिव्हर स्प्रिंगने चालूच्या बाजूला परत जाते, म्हणजे रस्त्यात बंद पडायचा धोका इथेही नाही. एकच काळजी घ्या. केबल सोडलेली असताना लिव्हरपाशी दोन-तीन मिलीमीटर सैल असलीच पाहिजे. ताठ राहिली तर लिव्हर अर्धवट ओढलेली राहते, गाडी चढावर ओढ घेत नाही आणि माणसं उगाच पंप उघडायला नेतात. सकाळी केबल सोडायला विसरून वडील सेल्फ मारत बसले तर बॅटरी उतरेल, तेवढं त्यांना दोनदा सांगून ठेवा.

आणि गाडी गॅरेजला देताना बटणाची जागा सांगायची गरज नाही. रिलेजवळ दोन पिनांचा कपलर ठेवायला सांगा. गाडी देण्याआधी तुम्ही स्वतः त्यात छोटा लूप (बटणाऐवजी जोड देणारा वायरीचा तुकडा) खोचायचा, गाडी परत आली की काढायचा. घरात जागा दोघांना माहीत असावी, तुम्हाला आणि वडिलांना. क्लीनर बदलता असेल तर त्याच्यासमोर बटण दाबू नका.

प्रश्न : माझ्याकडे नव्या जातीच्या, कॉमन रेल इंजिनाचा पिकअप आहे. त्यात जीपीएस बसवणारा म्हणतो, मोबाइलवरून इंजिन बंद करता येईल असा रिलेही टाकतो. टाकू का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : जीपीएस जरूर बसवा. रिले टाकायचा तर फक्त सेल्फच्या वायरीत, वर सांगितला तसा. तुमच्या इंजिनाचा सगळा कारभार ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, पाहतो. त्याच्या किंवा सेन्सरच्या वायरीला कोणालाही हात लावू देऊ नका, नाहीतर दिवे लागतील, गाडी मध्येच ताकद सोडेल आणि दोष शोधता शोधता महिना जाईल. डिझेलचा किंवा ईसीयूचा करंट तोडणारा रिले तर अजिबात नको. तुम्ही घरी बसून बटण दाबाल तेव्हा गाडी कुठे आहे, घाटात की शाळेसमोर, तुम्हाला दिसणार नाही. चोर आत असला तरी समोरून येणारा माणूस चोर नसतो.

प्रश्न : गॅरेजमध्ये असं बटण बसवलं तर विम्यात सूट मिळते का? आणि तरीही गाडी गेलीच तर आधी काय करायचं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : गॅरेजमध्ये बनवलेल्या बटणावर सूट मागू नका, मिळणार नाही. विम्यात चोरीरोधक यंत्राची जी सवलत असते ती पुण्याच्या एआरएआय या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या यंत्रासाठी. तुमच्या पॉलिसीत ती आहे का, एजंटला लेखी विचारा.

गाडी गेली तर सर्वात आधी ११२ आणि लगेच पोलीस ठाणे. चोरीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदतात, पूर्वीचं ३७९ आता नाही. एफआयआरची प्रत घ्या आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, शोधाशोधीत आठवडा घालवू नका. कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक हरवली असेल तर ती हरवल्याची नोंद आजच पोलिसांत करून पावती कागदांत ठेवा, कारण गाडी गेल्यावर केलेल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि निफाडच्या वाचकांनो, तुमचं झिजलेलं कुलूप चावीसकट नवीन बसवून घ्या, बटण बसेल त्याच दिवशी. जुनी चावी आणि नव्या कुलुपाचं बिल एकाच पाकिटात ठेवा.