काम करायचं तर आधी एचआयव्ही स्टेटस जाहीर करावं लागतं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय एकोणीस, जन्मापासून एचआयव्ही पॉझिटिव्ह, आपल्यासारख्या मुलामुलींसाठी काम करायची इच्छा. पण जिथे विचारायला गेलीस तिथले लोक म्हणाले, आधी स्टेजवर उभी राहून नाव-गाव सांग. अगं, अजिबात गरज नाही. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावर, चौदा वर्षं समुपदेशन करतेय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

झिम्बाब्वेचं बघ. २००४ साली हरारेत एचआयव्हीसह जगणाऱ्या किशोरवयीन मुलांचा एक छोटा गट जमला, त्यातून ‘झ्वान्दिरी’ उभं राहिलं. शोना भाषेत याचा अर्थ ‘मी आहे तसा’. तिथे १८ ते २४ वयाची, स्वतः पॉझिटिव्ह असलेली मुलं-मुली प्रशिक्षण घेऊन दवाखान्याशी जोडली जातात. आपल्याच भागातल्या लहानांच्या घरी जायचं, गोळ्या चुकतायत का बघायचं, अडलं तर नर्सला कळवायचं. बिंदुरा आणि शाम्वा जिल्ह्यांतल्या १६ सरकारी दवाखान्यांत याची रीतसर चाचणी झाली. ९६ आठवड्यांनंतर, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या मुलांपैकी ३६ टक्के जणांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) हजारावर होता किंवा ती दगावली होती. झ्वान्दिरीची सोबत मिळालेल्यांत हेच प्रमाण २५ टक्के होतं. पुढे तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हे काम देशभर नेलं.

असं का होतं, ते मी माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पाहिलंय. एक मुलगी डबीत कापूस कोंबून आणायची. मी दर महिन्याला विचारायचे, “गोळ्या वेळेवर ना?” ती “हो ताई” म्हणायची, आणि रिपोर्ट वेगळंच सांगायचा. एकदा शेजारी बसलेल्या मुलाने तो कापूस पाहिला आणि हळूच विचारलं, “हॉस्टेलवर बॅगेत खुळखुळतात ना?” ती रडायलाच लागली. इतक्या वर्षांत तो प्रश्न मला सुचला नव्हता.

स्टेजवरून बोलण्याचं मोल मी कमी लेखत नाही. दक्षिण आफ्रिकेचा न्कोसी जॉन्सन, तोही जन्मापासून पॉझिटिव्ह, २००० साली डर्बनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत बोलला, तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता. जगाने ऐकलं त्याचं. पण त्याच्या शाळाप्रवेशाचा वाद १९९७ मध्येच गाजला होता, म्हणजे त्याचं स्टेटस आधीच उघड होतं, आणि पाठीशी सांभाळ करणारी आई होती. तुझं कॉलेज, भाड्याची खोली, उद्याची नोकरी, हे सगळं अजून मांडायचं आहे. एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही गं.

आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. कोर्टाचा आदेश असल्याशिवाय तुला स्टेटस उघड करायला कुणी भाग पाडू शकत नाही. संस्थेने पुन्हा आग्रह धरला तर हे सरळ सांग.

सुरुवात तुझ्याच सेंटरवरून कर. समुपदेशकांना सांग, नव्याने गोळ्या सुरू झालेल्या मुलांशी बोलायला मी येईन. आणि तुझा स्वतःचा शेवटचा व्हायरल लोड कधी झाला, तेवढं मला खासगी निरोपातून कळव.