औषधाची विषबाधा : ‘उतारा’ की ‘प्रतिविष’?

प्रश्न असा : रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या, तर रुग्णालयात देतात त्या औषधाला मराठीत ‘प्रतिविष’ म्हणावं की ‘उतारा’? ‘उतारा’ मांत्रिकी वाटतो, अशी विचारणाऱ्याची शंका.

मला तसं वाटत नाही. विष चढतं, म्हणून ते उतरतं. ताप, दारू, विंचू, सगळ्यांचा व्यवहार याच जोडीनं चालतो. ओवाळून टाकलेल्या लिंबाचा उतारा आणि सातबाऱ्याचा उतारा एकाच क्रियापदाचे, तरी तलाठ्याकडे कुणी लिंबू मागत नाही. ‘प्रतिविष’ मी सर्पदंशापुरतं राखेन. ते घोड्याला थोडंथोडं विष टोचून, त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनतं. औषधांमध्ये याचं भावंड म्हणजे डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधावरची प्रतिपिंडं. ती मेंढीत तयार करतात. तिथे ‘प्रतिविष’ खुशाल लिहा.

बाकीचे उतारे वेगळ्याच वाटांनी जातात. मॉर्फिनच्या कुळातल्या औषधांनी श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नॅलोक्झोन त्या औषधाला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून हुसकावतं. शिरेतून दिलं की मिनिटा-दोन मिनिटांत श्वास सुधारतो. पण नॅलोक्झोनचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि मूळ औषध अंगात उरलेलं असू शकतं, मग उतरलेलं पुन्हा चढतं. म्हणूनच शुद्धीवर आलेल्या रुग्णाला डॉक्टर लगेच घरी सोडत नाहीत.

पॅरासिटामॉलची तऱ्हा उलटी. पहिल्या दिवशी जेमतेम मळमळ, माणूस ठीक दिसतो. यकृताचं नुकसान पुढच्या दोन-तीन दिवसांत उघड होतं. ॲसिटिलसिस्टीन यकृतातला ग्लुटाथायोनचा, म्हणजे विषारी अंश निकामी करणाऱ्या द्रव्याचा, आटलेला साठा भरून काढतं, आणि ते ८ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत बहुधा वाचतं. म्हणजे इथे विष चढण्याआधीच उतारा द्यायचा! शब्दाची थोडी ओढाताण होते, पण चालवून घेऊ.

आता विचारणाऱ्याच्या गोळ्या. झोपेच्या गोळ्यांपैकी बेंझोडायझेपिन गटावर फ्लुमाझेनिल आहे, पण त्यानं झटके येऊ शकतात, म्हणून ते क्वचितच वापरतात. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनवर एकच एक उतारा नाही. कॅल्शियम, रक्तदाब चढवणारी औषधं आणि ग्लुकोजच्या जोडीनं भरपूर इन्सुलिन अशी फौज लागते. मधुमेह नसलेल्याला इन्सुलिन दिलेलं पाहून नातेवाईक चक्रावतात, पण ते तिथे हृदयाला बळ द्यायला असतं. कोळशाची औषधी भुकटी मात्र उतारा नव्हे. ती पोटातलं औषध रक्तात जाण्याआधी धरून ठेवते, तीही साधारण पहिल्या तासाभरातच कामाची. रुग्ण गुंगीत असेल तर ती फुप्फुसात जायची भीती.

माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, बातमीतल्या ‘यावर उतारा नाही’ या वाक्याबद्दल आहे. वाचणाऱ्याला वाटतं, खेळ संपला. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्ण नेमक्या उताऱ्याविनाच बरे होतात : श्वासमार्ग मोकळा ठेवणं, ऑक्सिजन, सलाइन, ईसीजीवर नजर, वेळ पडली तर व्हेंटिलेटर. तेवढ्या अवधीत शरीर औषधाचा निचरा करतं. घरच्यांनी उलटी करवत बसू नये. गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावं, कारण डॉक्टर पहिल्यांदा कोणती, किती आणि केव्हा हेच विचारतात. बातमीत ‘नेमका उतारा नाही, पण उपचार आहेत’ असं लिहायला चार शब्द जास्त लागतात, ते लागू द्यावेत.