चेक जमा दिसतो, पण वटला का?

प्रश्न : माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून तीन जुनी अँटमायनर एस-९ मशीन घेणार आहेत. पाच हजार रुपये विसारही देऊन बसले. बिटकॉइनसाठी नाही, चार महिन्यांपूर्वी निघालेल्या एका नव्या कॉइनच्या मायनिंगसाठी. त्यांच्या ग्रुपवर सांगतात, ‘आपलं कॉइन बिटकॉइनच्याच मशीनवर चालतं, म्हणून तेवढंच सुरक्षित आहे.’ त्या कॉइनची एकूण ताकद १२० टेराहॅश दाखवतात. मी निवृत्त शिक्षक, मला यातलं काही कळत नाही. पण मशीन आमच्या घरी बसवायचं चाललंय. काय करावं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : गुरुजी, काही कळत नाही म्हणता आणि नेमका हवा तो आकडा लिहून पाठवता!

मायनिंग म्हणजे मशीनने गणितं सोडवत कॉइनच्या व्यवहारांची वही लिहायची, आणि बदल्यात नवी कॉइन मिळवायची. टेराहॅश हे त्या मेहनतीच्या वेगाचं माप. आधी १२० चं बघू. एक एस-९ साधारण साडेतेरा टेराहॅश देतं, म्हणजे जगभर मिळून त्या कॉइनवर जेमतेम नऊ मशीन चालू आहेत. मुलांची तीन धरली तर बेरीज १६०. त्याच कंपनीचं पुढचं मशीन, एस-२१, एकटंच २०० देतं. बिटकॉइनसाठी अशी मशीन गोदामंच्या गोदामं भरून चालतात. त्यातल्या कुणी एक मशीन दुपारभर इकडे वळवलं, तरी ते कॉइन त्याच्या मुठीत. बिटकॉइनची पद्धत उचलली म्हणून बिटकॉइनची ताकद येत नाही. उलट बिटकॉइनची सगळी मशीन आपल्यावर चालू शकतील, अशी सोय तेवढी होते.

मुठीत म्हणजे काय? मी सांगलीत बँकेच्या क्लिअरिंगला बावीस वर्षं होते. चेक खात्यात जमा दिसणं वेगळं आणि वटणं वेगळं, हे काउंटरवर रोज समजावून सांगावं लागायचं. इथेही तोच मामला. हल्ला करणारा आपली कॉइन एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, जमा करतो, विकतो, आलेले बिटकॉइन काढून घेतो. तोवर घरी गुपचूप दुसरी वही लिहीत असतो, तिच्यात तीच कॉइन त्याच्याच खिशात. सगळ्यांत जास्त मशीनची मेहनत ज्या वहीवर, तीच खरी, हा इथला नियम. निम्म्याहून जास्त ताकद याच्याकडे, त्यामुळे याची वही पुढे जाते. ती बाहेर काढली की एक्स्चेंजची जमा पुसली जाते.

इथेरियम क्लासिक या कॉइनचं असंच झालं. थोरला भाऊ इथेरियम आणि धाकटा क्लासिक, तेव्हा दोघांची पद्धत जवळजवळ एकच. थोरल्याकडे मशीन कितीतरी पट जास्त. ऑगस्ट २०२० मध्ये महिन्याभरात धाकट्यावर तीन हल्ले झाले. पहिल्यातच आठ लाखांवर कॉइन, म्हणजे सुमारे ५६ लाख डॉलर, दोनदा खर्च झाले. मशीन विकतही घ्यावी लागली नाहीत, ताकद तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळते.

मग बिटकॉइन का टिकतं? एस-९ किंवा एस-२१ ला एकच गणित येतं, आणि त्या गणिताची भाकरी जवळजवळ सगळी बिटकॉइनच देतं. ते बुडालं तर मालकाच्या हाती भंगार. म्हणून तो आपल्याच ताटात माती कालवत नाही. तुमच्या भाच्याचं कॉइन बुडालं तर मात्र त्या मशीनमालकाचं काहीच जात नाही, दुसऱ्या दिवशी मशीन परत बिटकॉइनवर.

आता कुणी म्हणेल, खास मशीन चालणारच नाहीत असं कॉइन काढू. तेही झालं. बिटकॉइन गोल्ड २०१७ मध्ये हेच सांगत निघालं, की साध्या ग्राफिक्स कार्डवर कुणीही मायनिंग करा. मे २०१८ मध्ये त्याची सुमारे ३,८८,००० कॉइन अशीच दोनदा खर्च झाली, १ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास. कार्डांची निष्ठा मी घरात बघितली आहे. माझ्या मुलाने त्याच सुमारास गॅलरीत सहा कार्डं लावली होती. रात्री एक कॉइन, सकाळी दुसरं, ज्याचा भाव चढेल ते. शेवटी ती एका लग्नाच्या फोटोग्राफरला विकली. त्या उद्योगातून खरा फायदा सासूबाईंना झाला, ऐन आषाढात गरम हवेपुढे सांडगे खडखडीत वाळले.

लहान कॉइनला एक आडोसा असतो, मर्ज्ड मायनिंग. तेच मशीन, तीच वीज, एकाच मेहनतीत दोन कॉइनच्या वह्या. डोजकॉइनने २०१४ मध्ये लाइटकॉइनची अशी सोबत धरली. पण सोबत करणाराच उलटला तर? २०१२ च्या जानेवारीत कॉइल्डकॉइन नावाचं नवं कॉइन बिटकॉइनच्याच एका पूलने, म्हणजे एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटाने, अशा मार्गाने चिरडलं.

तेव्हा भाच्याला ग्रुपवर दोन गोष्टी विचारायला सांगा. बिटकॉइनबरोबर मर्ज्ड मायनिंग आहे का, आणि एक्स्चेंज त्यांची जमा किती ब्लॉकनंतर, म्हणजे वहीची किती पानं पुढे गेल्यावर, पक्की धरतं. ‘लवकरच येतंय’ असं उत्तर आलं तर विसाराचे पाच हजार सोडून द्या.

आणि हे काँप्युटरच्या पंख्यासारखं काही असेल असं समजू नका. एस-९ चा आवाज मिक्सर दिवसरात्र चालू ठेवल्यासारखा असतो. एक मशीन महिन्याला हजाराच्या आसपास युनिट खातं, तीन म्हणजे तीन हजार. त्यातून काही मिळालंच तर ३० टक्के कर, आणि मशीनचा खर्च त्यातून वजा होत नाही. वीजबिल तुमच्या नावावर येतं ना? मग मीटर कुणाचा वापरायचा, हे मुलांना आजच विचारून घ्या.