बाळाचे जुलाब : आधी पाणी, मग औषध

प्रश्न : माझा नातू चौदा महिन्यांचा आहे. मागच्या महिन्यात त्याला दिवसातून आठ-नऊ वेळा पाण्यासारखे जुलाब झाले, पहिल्या दिवशी उलट्याही होत्या. डॉक्टरांनी जुलाब थांबवणारे औषध दिलेच नाही. जलसंजीवनीची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या दिल्या व जेवण चालू ठेवायला सांगितले. आमच्या काळी दूध बंद करून पोटाला विसावा देत असू आणि जायफळ उगाळून चाटवत असू. जुलाब थांबायला पाच दिवस लागले. सून म्हणते की डॉक्टरांचे बरोबर होते, मला मात्र बाळाचे उगाच हाल झाले असे वाटते.
— एक आजी, कराड

उत्तर : आजी, नातवाची पाच दिवसांची ती अवस्था पाहून आपला जीव कासावीस झाला असणार. तरीही डॉक्टरांनी जे केले ते योग्यच होते, आणि ते का योग्य होते हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हाच वाद दर पावसाळ्यात कितीतरी घरांत होत असतो.

लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि साधारण आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. त्या दिवसांत बाळाला खरा धोका असतो तो शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा. दहा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातले अर्धा लिटर पाणी कमी झाले तरी त्याला शोष पडू लागतो, आणि जोराचे जुलाब असतील तर एवढे पाणी जायला एक दिवसही लागत नाही. मोठी माणसे जुलाब थांबवण्यासाठी जी गोळी घेतात ती आतड्याची हालचाल मंद करते. ती बाळाला दिली तर जुलाब थांबल्यासारखे दिसतात, पण पाणी आतड्यातच साठत राहते, पोट फुगते आणि बाळ मलूल होते. म्हणून ती गोळी घरात असली तरी मुलांना कधीही देऊ नये. प्रतिजैविकांची गरजही, शौचातून रक्त पडत असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल, अशा मोजक्या वेळीच असते.

जलसंजीवनी हे साधे मीठ-साखरेचे पाणी आहे, असे समजून तिला दुय्यम मानले जाते, याचे मला फार वाईट वाटते. आतड्याच्या अस्तरात सोडियम शोषून घेणारी एक वाट अशी असते की तिच्यातून जाताना सोडियमला ग्लुकोजची सोबत लागते, आणि ही दोन्ही आत गेली की त्यांच्यामागून पाणीही ओढले जाते. जुलाब कितीही जोराचे असले तरी ही वाट बहुधा शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे चार टक्क्यांच्याही खाली आले. पाजणारे हात घरच्याच माणसांचे होते, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

आता पाजण्याच्या पद्धतीबद्दल. पाकिटावर किती पाण्यात मिसळायचे ते छापलेले असते. मोठे पाकीट एक लिटरचे आणि लहान पाकीट २०० मिलिलिटरचे असते. मोठ्या पाकिटातली अर्धी पूड पेल्यात टाकून देणे धोक्याचे आहे, कारण त्यातून मिठाचे प्रमाण फार वाढते. संपूर्ण पाकीट उकळून गार केलेल्या, मोजलेल्या एक लिटर पाण्यात एकाच वेळी घालावे, झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरले तर ओतून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप, आणि त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावे. बाटलीने देऊ नये. मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा असे द्यावे. तहानलेले बाळ घटाघट प्यायला बघते आणि सगळे उलटून टाकते, मग घरातले म्हणतात की त्याला हे पचतच नाही. अशा वेळी दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा, पहिल्याहून सावकाश, सुरू करावे. रात्री दोन वाजता हे करणे कंटाळवाणे असते हे खरे, पण सलाइनची वेळ बहुतेकदा या चमच्यानेच टळते. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालून केलेले पाणी चालते.

पोटाला विसावा देण्याची कल्पना मायेतूनच आलेली आहे, पण उपाशी आतड्याची झीज भरून यायला उशीर लागतो आणि बाळाचे वजन उतरते. अंगावरचे दूध तर एक वेळही तोडू नये. मऊ भात आणि मुगाचे वरण, तुपाचा थेंब घातलेली खिचडी, दही-भात, कुस्करलेले केळे असे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. साबुदाण्याच्या पेजेत पिष्ट असते, प्रथिने मात्र जवळजवळ नसतात, त्यामुळे चार दिवस फक्त तिच्यावर बाळाला ठेवू नये. झिंकची मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम अशी असते, आणि जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस द्यायची असते. गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते. जलसंजीवनी आणि झिंक आशाताईंकडे व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. जायफळाबद्दल माझी हरकत एवढीच की ते जास्त झाले तर गुंगी येते, आणि बाळ जायफळाने पेंगते आहे की शोषाने, हे मग कोणालाच ओळखता येत नाही.

शोष ओळखण्याची खूण आपण स्वतः पाहू शकता. बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट झाली तर ठीक, सावकाश बसली तर पाणी कमी पडले आहे. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लहान बाळाची टाळू खोलगट दिसणे, सहा-आठ तास लघवी न होणे ही लक्षणे तशीच. बाळ पेंगत असेल, काही पिऊ शकत नसेल, प्रत्येक घोट उलटत असेल किंवा शौचात रक्त असेल, तर घरी थांबू नये, तडक रुग्णालय गाठावे आणि वाटेतही चमचा चालू ठेवावा.

प्रश्न : माझी तीन वर्षांची मुलगी पाकिटातली जलसंजीवनी खारट म्हणून थुंकते. मेडिकलच्या दुकानात मिळणारे संत्र्याच्या चवीचे तयार पेय मात्र आवडीने पिते. तेच दिले तर चालेल का?
— एक आई, अमरावती

उत्तर : ताई, ते पेय नेमके काय आहे हे खोक्याच्या मागच्या बाजूला वाचल्याशिवाय देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. दुकानातल्या अनेक गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट आणि सोडियम अगदीच कमी असते. एवढी साखर आतड्यात पोहोचली की ती शरीरातलेच पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. वर्षानुवर्षे अशा पेयांच्या खोक्यांवर ओआरएस (जलसंजीवनीचे इंग्रजी लघुनाव) ही अक्षरे ठळक दिसत राहिली आणि आईवडील विश्वासाने ती पाजत राहिले, ही गोष्ट मला संताप आणणारी वाटते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. तयार द्रावणही योग्य सूत्राचे मिळते, त्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते द्यायला काहीच हरकत नाही.

चवीसाठी द्रावण माठातल्या पाण्यासारखे गार करून द्या, पण त्यात साखर घालू नका. ज्या मुलाला शोष पडू लागला आहे ते सहसा हेच पाणी हावऱ्यासारखे पिते. मुलगी खेळती असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल आणि तरीही ती द्रावणाला तोंड लावत नसेल, तर मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक, वरणाचे पाणी यांवरही भागते.

प्रश्न : आमच्या आठ महिन्यांच्या बाळाला दात येत आहेत. जुलाब दातांमुळेच होतात, दात आले की थांबतील, असे शेजारी सांगतात. दोन आठवडे झाले, वाट पाहावी का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : वाट पाहू नये. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिरते. पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते, वरचे अन्न नुकतेच सुरू झालेले असते, बाळ रांगत जाऊन चप्पल असो की झाडू, सापडेल ते तोंडात घालते, आणि दातही याच सुमारास येतात. बाटलीने दूध देत असाल तर ती आजच बंद करून वाटी-चमचा घ्या, आणि बाळगुटी देत असाल तर तीही थांबवा, कारण सहाण आणि उगाळायचे पाणी दर वेळी निर्जंतुक राहत नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. चौदा दिवसांहून अधिक चाललेल्या जुलाबाला बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी लागते. वजन करून घ्या आणि मागच्या महिन्याची नोंद बरोबर न्या.

प्रश्न : मुलाला रोटाव्हायरसचे थेंब दिले होते, तरी जुलाब झाले. मग त्यांचा उपयोग काय?
— एक वडील, लातूर

उत्तर : जुलाब करणारे जंतू पुष्कळ आहेत आणि ही लस त्यांतल्या एकावर आहे, मात्र लहान बाळांना रुग्णालयात दाखल व्हायला लावणाऱ्या तीव्र जुलाबांत हाच विषाणू पुढे असतो. घरातली स्वच्छता कितीही चांगली असली तरी तो सहज पसरतो, म्हणून लसीची गरज आहे. लस घेतलेल्या बाळाला या विषाणूचे जुलाब झालेच तर ते बहुधा सौम्य असतात. सरकारी लसीकरणात हे थेंब ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत देतात. पुढच्या बाळाच्या वेळी काही कारणाने तारीख चुकली, तर तेवढ्यावर सोडून देऊ नका. पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो, तेव्हा लसीकरणाचे कार्ड घेऊन लगेच उपकेंद्रात जावे.