शाश्वत, टिकाऊ आणि शश्वती उषा

‘सस्टेनेबल इलेक्ट्रॉनिक्स’ला, म्हणजे पर्यावरणाला कमी झळ पोचवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला, मराठीत ‘शाश्वत’ म्हणावे की ‘टिकाऊ’, आणि एकमेकांशी जोडलेल्या उपकरणांच्या संशोधनात हल्ली येणाऱ्या ‘पीपल-सेंटर्ड नेटवर्क’ला ‘लोककेंद्रित जाळे’ चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘टिकाऊ’चा अर्थ कुणालाही सांगायला नको. माझी तक्रार ‘शाश्वत’च्या वापराबद्दल आहे. अलीकडेच दाराला लावायच्या एका सेन्सरच्या माहितीपत्रकात ‘शाश्वत उपकरण’ असे छापलेले पाहिले आणि तो सेन्सर उघडला, तर बटणाएवढी बॅटरी कवचाला चिकटवून टाकलेली होती. ती संपली की सगळे उपकरणच टाकून द्यायचे. ‘पावसाची शाश्वती नाही’ असे म्हणताना आपल्या मनात भरवसा हा अर्थ असतो. ज्या वस्तूच्या बॅटरीचीसुद्धा शाश्वती नाही, तिला शाश्वत म्हणणे ही वाचकाची फसवणूक आहे.

पण म्हणून हा शब्दच टाकून द्यावा, असे मात्र मला वाटत नाही. ‘शाश्वत’ हा ‘शश्वत्’वरून आला आहे आणि ऋग्वेदात हा शब्द उषांना लावलेला आढळतो. पहिल्या मंडलातील ११३ व्या सूक्तात आजच्या उषेला ‘शश्वतीनाम्’, म्हणजे एकामागून एक येऊन गेलेल्या कित्येक उषांमधली शेवटची, आणि पुढे उजळणाऱ्यांमधली पहिली म्हटले आहे. एकही उषा टिकत नाही, घटकाभरात ती विरून जाते, तरीही उषांची रांग तुटत नाही. न हलणारे, न बदलणारे असा अर्थ येथे मुळीच नाही. परत परत येणारे, हा अर्थ आहे. अमरकोशाने ‘शाश्वतस्तु ध्रुवो नित्यसदातनसनातनाः’ असे म्हणून या शब्दाला ध्रुवाच्या शेजारी बसवले आणि आपल्या कोशकारांनी तीच री ओढली. अमरसिंहाबद्दल पूर्ण आदर राखूनही मी म्हणेन की या ओळीने उषेची सगळी हालचाल पुसून टाकली. अभिजात संस्कृतात नित्य हाच अर्थ रुळला हे मला मान्य आहे, परंतु रुळलेला अर्थ म्हणजे एकमेव अर्थ, हे मान्य नाही.

आता प्रयोगशाळेत काय चालले आहे ते पाहा. २०२४ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी व्हिट्रिमर नावाच्या बहुवारिकापासून (पॉलिमरपासून) सर्किट बोर्ड तयार केला. योग्य द्रावकात ठेवला की तो जेलीसारखा फुगतो, वरचे सुटे भाग शाबूत निघतात, आणि ९८ टक्के व्हिट्रिमर व सगळे काचतंतू पुन्हा नव्या बोर्डासाठी हाती येतात. बोर्ड मोडतो, द्रव्य परत येते. शश्वती उषांची रांग ती हीच. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘परत येणे’ या अर्थाची निकड कळते. ‘शाश्वत’ हे विशेषण अशा वस्तूसाठी राखून ठेवावे.

जिची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते (युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांत तशी सोय बंधनकारक होईल), ती वस्तू सरळ ‘टिकाऊ’. आणि २०१२ साली जॉन रॉजर्स या संशोधकाने व सहकाऱ्यांनी सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि रेशीम वापरून पाण्यात नाहीशी होणारी सर्किटे केली, त्यांना ‘विरघळती’ म्हणावे. विरघळत्या सर्किटाला टिकाऊ म्हणणे हा उघड वदतोव्याघात आहे, तरी ‘सस्टेनेबल’ला सरसकट ‘टिकाऊ’ हा प्रतिशब्द सुचवणारे विद्वान तो आपल्या गळी उतरवू पाहतात.

राहिले ‘लोककेंद्रित जाळे’. स्पेनमधल्या कातालोनियात २००४ साली सुरू झालेले ‘ग्विफी’ हे इंटरनेटचे जाळे तिथल्या रहिवाशांनी स्वतःच्या छपरांवर अँटेना बसवून गावोगाव वाढवत नेले आणि त्याची मालकीही सामाईक ठेवली. ‘केंद्रित’ म्हटले की माणूस मधोमध बसलेला दिसतो आणि विणणारा कोणी दुसराच असतो, म्हणून अशा ठिकाणी मी ‘लोकांचे जाळे’ असेच लिहीन. केवळ वापरणाऱ्याच्या गरजा पाहून दुसऱ्या कोणी आखलेल्या जाळ्याला ‘लोककेंद्रित’ म्हणायला माझी हरकत नाही.