टॉल टेल आणि दमडीचं तेल

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेच्या एका बाईंचा प्रश्न आलाय. चौथीच्या वर्गात त्यांनी अमेरिकेतल्या पॉल बन्यनची गोष्ट सांगितली. हा अगडबंब लाकूडतोड्या आणि त्याचा बेब नावाचा निळा बैल चालत गेले, त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी साचलं आणि मिनेसोटा राज्यातली दहा हजार तळी तयार झाली. पोरं खूश. बाई विचारतात, अशा गोष्टीला इंग्रजीत टॉल टेल म्हणतात, मराठीत काय म्हणायचं? अतिशयोक्तिकथा, थाप, बाता, की गप्पा? आणि तिकडे या गोष्टींबरोबर शब्दांची मुळंही शिकवतात, तसं मराठीत जमेल का?

बाई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. जमेल. आपल्या सीमाभागात तर पुण्या-मुंबईपेक्षा बरं जमेल, ते का ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा मांडी घालून बसावं लागेल.

'अतिशयोक्तिकथा' आधी बाद करा. शब्द चूक नाही, पण चौथीतल्या पोराच्या तोंडात तो घालून बघा. शिवाय अतिशयोक्ती हा अलंकार, तो कवितेच्या एका ओळीतही मावतो. टॉल टेल ही अख्खी गोष्ट असते आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही, यात तिची गंमत. ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, आणि त्याला ठाऊक आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं.

म्हणूनच 'थाप' पुरत नाही. थाप मारणारा पकडला गेला की ओशाळतो. इथे पकडायला काही नसतंच, सगळं उघड्यावर. 'बाता'त फुशारकी जास्त, गडी बहुधा स्वतःबद्दलच बोलतो. 'गप्पा' फारसीतल्या 'गप'वरून आल्या, त्यात खरं-खोटं काहीही चालतं. तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या 'गजाली'चंही तेच. कन्नडात 'बुरुडे बिडोदु' म्हणतात. बुरुडे म्हणजे कवटी, बिडोदु म्हणजे सोडणं. आपण पुडी सोडतो, शेजारी कवटी सोडतात. सोडायचं दोघांनाही सुचलं, हे मला फार आवडतं.

माझं मत 'लोणकढी'ला. 'लोणकढी थाप' आपण म्हणतोच. कोशवाल्यांना विचारलंत तर तीही खोट्यातच जमा, पण माणूस हा शब्द रागाने उच्चारत नाही, हसत उच्चारतो. लोणकढं तूप म्हणजे लोणी कढवून नुकतं काढलेलं. तशी ही थाप, चुलीवरून आत्ता उतरवलेली, खमंग. त्यातली 'थाप' काढून टाका आणि मुलांना सांगा, "आज प्रत्येकाने एक लोणकढी सांगायची." शब्द घरचा आहे, आणि आत मुळंही भरपूर आहेत.

पण नावाआधी माल बघू. पॉल बन्यन आणायची गरजच काय, असं म्हणणारा मी नाही; आणा खुशाल. मात्र त्याच्या आधी आपल्या आज्यांचं हे घ्या. घरोघरी याचे पाठभेद आहेत, मला आलेलं असं:

दमडीचं तेल आणलं,
सासूबाईंचं न्हाणं झालं,
मामंजींची दाढी झाली,
भावोजींची शेंडी झाली,
उरलं तेल झाकून ठेवलं,
लांडोरीचा पाय लागला,
वेशीपर्यंत ओघळ गेला,
त्यात उंट पोहून गेला.

याच्यापुढे निळा बैल काय घेऊन बसलात! अतिशयोक्तीचं उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकातून हे आपण वर्षानुवर्षं घोकून घेतलं, पण कधी उलगडून पाहिलं नाही. मी पाहिलं ते अपघातानेच. माझ्या वर्गात एक मुलगा होता, घरी कन्नड, शाळा मराठी. पहिली ओळ झाल्या झाल्या त्याने हात वर केला. "सर, तेलाला आमच्यात एण्णे म्हणतात." म्हटलं, बरं. मग मी फळ्यावर लिहिलं, तीळ – तैल – तेल. तिळाचं ते तैल, म्हणून तेल. त्यावर तो म्हणाला, "तिळाला एळ्ळु म्हणतात."

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. एळ्ळु आणि एण्णे. घरी येऊन शोधलं तर खरोखरच तसं होतं: एळ् म्हणजे तीळ, नेय् म्हणजे तुपासारखा स्निग्ध पदार्थ, दोन्ही मिळून एण्णे. म्हणजे या दोन भाषा घराण्याने वेगळ्या, तरी तेलाचं नाव दोघींनी तिळावरूनच ठेवलं. एकीने दुसरीचा शब्द उचललेला नाही, शब्दाची चाल तेवढी सारखी. संक्रांतीला एका गल्लीत तिळगूळ वाटतात आणि पलीकडच्या गल्लीत एळ्ळु-बेल्ल, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी वर्गाला एवढंच विचारलं, शेंगदाण्याचं तेल म्हणजे कशाचं काय? एकदम गलका झाला. शेंगदाण्याचं तिळाचं पाणी, सर! मग तेल लपलेले शब्द शोधायला लावले. खोबरेल सापडलं, एरंडेल सापडलं, एका मुलीने आजीच्या तोंडचं फुलेल आणलं. शेपटाला 'एल' उरलंय, ते झिजलेलं तेल. मूळ शिकवायचं म्हणजे इतकंच. धातू, उपसर्ग, प्रत्यय ही नावं नंतर येऊ देत.

दमडीवर तर एक तास सहज जातो. ग्रीकांचं नाणं द्राख्मे. ते इकडे येऊन संस्कृतात द्रम्म झालं, प्राकृतात दम्म, आणि आपल्याकडे दाम. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म भेटतात. दामाला धाकटेपणाचं 'डी' लागून दमडी. चामाची चमडी होते तशी. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' ही म्हण फळ्यावर लिहून फक्त 'डी'खाली रेघ मारा आणि गप्प बसा, मुलं बोलतील. न्हाण्याखाली स्नान आहे. न्हाणीघर मुलं सांगतात, न्हावी तुम्ही सांगा. दाढी आणि दाढ यांचं गोत्र एकच, दंष्ट्रेचं.

आता लोणकढीकडे वळतो, आणि इथे मला माझं एक पाप कबूल करायचं आहे.

लोणी आलं नवनीतावरून. त्यात 'नव' आहे, नुकतं निघालेलं. कढणे आलं क्वथ् या धातूवरून, क्वथ्चं प्राकृतात कढ झालं. त्याची लेकरं म्हणजे कढी, काढा, कढण, कढत पाणी आणि मायेने येतो तो कढसुद्धा. हे सगळं ठीक. पण मी या यादीत कढईही घालायचो. एक-दोन वर्षं नाही, चांगली पंधरा वर्षं. कढईत कढतं म्हणून कढई, याला पुरावा कशाला हवा? प्रत्यक्षात कढई आहे कटाह या शब्दावरून, म्हणजे पसरट भांडं. त्याचं कडाह झालं, मग कढई. कढण्याशी तिचा संबंध चुलीपुरता. काढणे तर तिसरंच, ओढण्याच्या अर्थाच्या प्राकृत कड्ढवरून आलेलं. काढा काढतात, तरी काढा आणि काढणे पाहुणेसुद्धा लागत नाहीत. आणि लोणच्यात लोणी नाही हे पोरांना माहीत असतं, पण मग ते 'लोण' कसलं? ते लवण, मीठ.

हे सगळं कळलं तेव्हा माझी पंधरा वर्षांची पोरं नोकरीला लागली होती. त्यांना कुठे शोधू! म्हणून तुम्हाला सांगतो, मुळाच्या पाठात दिसायला सारख्या शब्दांचा एक फसवा जोड मुद्दाम ठेवाच. कढी आणि कढई. लोणी आणि लोणचं. मुलांनी आधी हमखास फसावं, मग अर्थ लावून बघावा, जुनं रूप बघावं. शब्दाचं मूळ सांगताना माणूस किती सहज लोणकढी मारतो, हेही त्यांना तिथेच कळतं.

सीमाभागातल्या मुलाचा फायदा इथेच आहे. त्याच्या कानावर पहिलीपासून दोन भाषा पडतात. 'लोणकढं तूप' हे दोनच शब्द घ्या. लोणी आणि कढ संस्कृत-प्राकृतातून आलेले. तूप मात्र कन्नडातलं तुप्प. प्राकृतातही तुप्प आहे, म्हणजे ही देवघेव आजकालची नाही. एका वाटीत दोन घराणी. कन्नड बोलणाऱ्या मुलाला हे सांगा, तो त्या दिवशी वर्गात ताठ बसेल. बसलेला मी पाहिलाय.

फसवे जोडही याच मुलांना जास्त भेटतात. आपली मांडी आणि कन्नड मंडि: मंडि म्हणजे गुडघा. नव्याने आलेल्या मुलाला "मांडी घाल" म्हटलं की तो गुडघ्याकडे बघतो. आणि मांडे? बेळगावच्या लग्नात मांडे नसले तर वऱ्हाडी कुजबुजतात. त्याचं मूळ मण्डक, कन्नडात मंडिगे. आपण मनातल्या मनात मांडे खातो, तेही 'मनस्सिनल्ले मंडिगे' खातात. पदार्थ एक, शब्द एक, वाक्प्रचारही एक. आता तेलाशी ताडून बघा. तिथे शब्द वेगळे आणि युक्ती सारखी, इथे सगळंच सारखं, आणि मांडी-मंडीत आवाज सारखा पण अर्थ वेगळा. चौथीच्या मुलाला हे तीन प्रकार वेगळे करता आले की माझ्या लेखी भाषेचा पेपर झाला.

मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, ही गोष्ट कोणीतरी या ठिकाणी काढतंच. तिला लोणकढीत बसवू नका. ती सांगणारा डोळा मिचकावत नाही, आणि ऐकणारा हात जोडतो. मुलं हा फरक आपोआप पाळतात, समजावत बसलात तर उलट गोंधळ होतो.

वर्गात करायचं कसं, तर एकेक वाक्य पुढे न्यायचं. मी एकदा पावसावर सोडलं होतं. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, तिथला पाऊस सगळ्यांना माहीत. पहिला म्हणाला, "कणकुंबीत एवढा पाऊस की म्हशी दुधाऐवजी ताकच देतात." दुसरा ओरडला, "काय बी सांगुलास बे!" आणि स्वतः उठून म्हणाला, "आमच्यात लोणी काढायचं तर म्हशीला नुसतं वेशीपर्यंत पळवतात." इथे थांबायचं आणि फळ्याकडे वळायचं. पाऊस – प्रावृष्. म्हैस – महिषी. ताक – तक्र. मुलांचेच शब्द, त्यांच्याच गोष्टीतले. उसन्या यादीची गरज नाही. एका वेळी तीनच, चौथा शब्द घेतलात की गोष्ट मरते. पहिली ते तिसरी नली-कलीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या खेळत-शिकत चालणाऱ्या वर्गात गट करून बसलेली मुलं चौथीत बाकावर आलेली असतात, त्यांना हा खेळ लगेच जमतो.

थाप शब्दाचं राहिलं. 'थप्' हा आवाजच, भाकरी थापताना येतो तो. कन्नडात रोट्टी बडितात, तिथेही हात तोच. परातीतली भाकरी प्रत्येक थापेला थोडी रुंदावते आणि लोणकढीही तशीच वाढते, असं मी वर्गात सांगायचो. ही माझी उपमा आहे, व्युत्पत्ती नव्हे. कढईनंतर मी जपून बोलायला लागलोय.

उंटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या वर्गात निघणारच. खानापूरच्या रानाकडून आलेला एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे उंट नसतात, हत्ती येतात. म्हटलं, मग शेवटच्या ओळीत हत्ती घाल. त्याने जरा विचार केला. "हत्ती खरंच पोहतो, सर. मग थाप कुठे राहिली?" उंट ठेवला.